दप्तरात क्वार्टर सापडली, तर पुढे काय

देवगड तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा १६ वर्षांचा, अकरावीला. शिमग्यात पालखी नाचवून झाल्यावर रात्री दोन वाजता मित्रांनी त्याला उचलून घरी आणलं. ओकून कपडे भरले होते आणि सकाळी त्याला काहीच आठवत नव्हतं. पुढच्या महिन्याभरात दोनदा दप्तरात क्वार्टरची रिकामी बाटली सापडली. वडील ट्रॉलरवर, आठ-आठ दिवस समुद्रात. काका म्हणतात, "वयच तसं, आम्ही नाय प्यायलो?" शेजारणीने जेवणात घालायची पावडर सुचवली आहे, आणि गावातल्या एकाने घाटावरच्या एका व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर दिला आहे: "फोन केलात की गाडी घेऊन येतात, उचलून नेतात." यातलं काय करू, असं आईचं विचारणं आहे.

ताई, पावडर नको आणि गाडीही नको. काकांचं ऐकून गप्प बसणंही नको. या वयात केंद्रात टाकायची घाई जितकी वाईट, तितकाच तपासायला केलेला उशीर वाईट. येत्या आठ-दहा दिवसांत मुलाला डॉक्टरांसमोर बसवायचं आणि पुढचे सहा महिने घरातल्या मोठ्यांनी एका शब्दावर राहायचं. बहुतेक मुलांना एवढंच लागतं. पण ते करताना पाय कुठे घसरतो हे आधी माहीत असलेलं बरं.

पहिल्यांदा त्या रात्रीबद्दल, कारण तशी रात्र पुन्हा येऊ शकते. "झोपू दे, सकाळी उतरेल" म्हणून दार लोटून घेऊ नका. पोटात असलेली दारू रक्तात जातच राहते, त्यामुळे झोपल्यावरही नशा काही काळ चढत जाते. मुलाला कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात दुमडून पुढे घ्या, तोंड थोडं जमिनीकडे ठेवा, म्हणजे ओकारी श्वासनलिकेत न जाता बाहेर पडेल. उताणं झोपवलेला मुलगा झोपेतच गुदमरू शकतो, म्हणून कुणीतरी शेजारी जागं राहायचं. हाका मारून, चिमटा काढूनही जागा होत नाही; मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास घेतोय किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंद जातायत; ओठ, नखं निळसर दिसतायत; अंग गार पडलंय; झटका आला. यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. वाडीच्या रस्त्यावर रात्री रुग्णवाहिका यायला वेळ लागतो, तेव्हा रिक्षावाल्या शेजाऱ्याला त्याच मिनिटाला उठवा. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी दारू उतरत नाही. घशात बोट घालून ओकायला लावणं तर धोक्याचं, कारण अर्धवट शुद्धीत ओकारी फुप्फुसात जाते. कोवळ्या वयात दारूने रक्तातली साखरही झपाट्याने खाली येते, ती मोजायला आणि सलाइनमधून द्यायला दवाखानाच लागतो.

प्यायलेली गावठी असेल तर मिथेनॉलची, म्हणजे विषारी अल्कोहोलची, शंका मनात ठेवा. त्याची लक्षणं बहुधा बारा ते चोवीस तासांनी येतात: पोटात कळा, धाप, धुरकट किंवा पांढरं पांढरं दिसणं. नशा उतरल्यावर मुलगा "नीट दिसत नाय" म्हणाला तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नव्हे, थेट मोठ्या रुग्णालयात न्या. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये अशाच दारूने १०० हून जास्त माणसं गेली.

आता प्रमाण बघू. "थोडीशीच घेतली होती" या वाक्याला आकडा लावल्याशिवाय काही कळत नाही. व्हिस्की-रमचा ३० मिलीचा एक पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. क्वार्टर १८० मिलीची, म्हणजे सहा पेग. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली जवळजवळ चार पेगांएवढी भरते. मुलं मात्र तिला "नुसती बिअर" म्हणतात. काजूच्या हंगामातला हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, लिमक्यात मिसळला की सरबतासारखा लागतो. पण २०० मिली निव्वळ हुर्राकमध्ये दोन पेग सहज असतात. माडी सकाळी उतरवलेली गोड असते, पण ती दिवसभर आंबत जाते आणि संध्याकाळची माडी बिअरच्या जोडीला येते. शरीर तासाला साधारण एक पेग निचरतं. ५० किलोच्या मुलाने तासाभरात क्वार्टर संपवली, तर रक्तातलं अल्कोहोल गाडी चालवण्याच्या कायदेशीर मर्यादेच्या पाचपट होऊ शकतं.

सकाळी काही न आठवणं याचा अर्थ इथे लागतो. तो बेशुद्ध होता असं नाही. उचलून आणायच्या आधी तो चालत, बोलत, कदाचित बाइकवर मागे बसून फिरतही असेल, पण मेंदूचा आठवणी साठवणारा भाग तेवढा वेळ बंद पडला होता. रिकाम्या पोटी, घाईघाईत प्यायल्यावर हे होतं. या वयात झोप आणणारा, तोल घालवणारा परिणाम मोठ्या माणसापेक्षा कमी जाणवतो, म्हणून मुलगा थांबत नाही. "आपल्याला चढत नाय" ही बढाई धोक्याची खूण आहे.

काकांसाठी एक आकडा. अमेरिकेत १९९० च्या दशकात झालेल्या एका मोठ्या पाहणीत पंधराव्या वर्षाआधी प्यायला लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेले होते. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. त्यामागे घरची परिस्थिती, रक्तातून आलेला कल अशी इतर कारणंही आहेत. पण सुरुवात जितकी पुढे ढकलाल तितकं मूल वाचतं, यात शंका नको. मेंदूचा आवर घालणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो.

आता हा मुलगा नेमका कुठे आहे? शिमग्यात मित्रांबरोबर एकदा प्यायला, तर ती चूक. दप्तरात बाटली असणं ही त्यापुढची पायरी, कारण शाळा-कॉलेजच्या दिवशी, सणावाराशिवाय, बहुधा एकट्याने किंवा एकाच जोडीदाराबरोबर तो पितोय. एकेक खूण सुटी धरली तर फसवते. लाल डोळे रात्रभर मोबाइल बघूनही होतात, चिडचिड या वयात असतेच, पैसे गुटख्यावरही जातात. खुणा एकत्र बघा: सोमवारी कॉलेज बुडतंय, क्रिकेटच्या किंवा भजनाच्या जुन्या मंडळीत जाणं बंद होऊन नवी, वयाने मोठी पोरं आलीत, घरी आल्या आल्या थेट मोरीत जातो, तोंडात सतत चिंगम किंवा मावा, घरातल्या बाटलीची पातळी तीच, पण रंग फिका, म्हणजे पाणी भरलंय, फोनवरून पन्नास-शंभर रुपयांचे व्यवहार एकाच माणसाला वारंवार, कुठे पडला, लागलं कसं, ते सांगता येत नाही. दोन आठवडे एका वहीत तारीख, वेळ आणि जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहा. "वाया गेलाय" हे लिहू नका, "मंगळवारी साडेनऊला आला, जीभ जड होती" हे लिहा. डॉक्टरांना याचाच उपयोग होतो.

डॉक्टर किंवा समुपदेशक या वयासाठी सहा प्रश्नांची एक चाळणी वापरतात. प्यायलेल्याच्या गाडीवर कधी बसलास का, किंवा स्वतः पिऊन चालवलीस का? मोकळं वाटावं, चारचौघांत मिसळता यावं म्हणून पितोस का? एकट्याने पितोस का? प्यायल्यावर काय केलं ते विसरलास का? घरच्यांनी किंवा मित्रांनी कमी कर म्हटलं का? पिऊन कधी अडचणीत आलास का? दोन किंवा जास्त "हो" आले तर सविस्तर तपासणी हवी. तुम्ही सांगितलेल्यावरून दोन "हो" आत्ताच दिसतात. पण हे प्रश्न आईने स्वयंपाकघरात उभं करून विचारायचे नाहीत. मुलगा खरं सांगतो ते एकांतात, आणि हे घरी सांगितलं जाणार नाही अशी खात्री असेल तेव्हा. डॉक्टर तुम्हाला दहा मिनिटं बाहेर बसायला सांगतील. वाईट वाटून घेऊ नका. जिवाला धोका असेल तर ते तुम्हाला सांगतातच.

बोलायचं कसं, यात बहुतेक घरांची गाडी अडते. तो प्यायलेला असताना बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. आणि सकाळी लगेच, सगळ्या घरासमोर, आजीच्या रडण्यासकट, हेही चुकतं. दुपारी जेवण झाल्यावर, दोघंच असाल तेव्हा, बसण्यापेक्षा काहीतरी करत करत बोला. आंबे निवडताना, जाळं विणताना, कुठे चालत जाताना. डोळ्याला डोळा न भिडवता मुलं जास्त बोलतात. सुरुवात अशी करता येईल: "बाळा, शिमग्याच्या रात्री तुला उचलून आणलं तेव्हा तुझा श्वास घरघरत होता. मी पहाटेपर्यंत बसून होते. दप्तरात दोन बाटल्या मिळाल्या. मला मारायचं नाही, ओरडायचं नाही. मला कळायला हवं की चाललंय काय." एवढं बोलून थांबा. शांतता लांबली तर लांबू द्या. तो "एकदाच घेतली" म्हणेल. खोटं पकडायच्या मागे लागू नका. "पितोस का" यापेक्षा "प्यायल्यावर काय बरं वाटतं" या प्रश्नाला जे उत्तर येईल ते सोन्याचं समजा. कोणी म्हणतो झोप लागते, कोणी म्हणतो मुलींशी बोलता येतं, कोणी म्हणतो बाबा घरी नसतात तेव्हा घर खायला उठतं. ज्या कारणासाठी तो पितो तेच पुढे उपचाराचं काम होणार आहे. शपथा मात्र घालू नका. गणपतीसमोर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की मुलगा तुमच्यापासून तर लपवतोच, देवघरातही यायचा थांबतो. देवळात गाऱ्हाणं घालून तुम्हाला बळ मिळत असेल तर जरूर घाला, पण दवाखान्याची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका.

आणि एक प्रश्न विचारायलाच हवा, घाबरत का होईना: "कधी जगू नये असं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. दारू आणि निराशा एकत्र आली की क्षणाचा राग जिवावर बेततो. आंबा-काजूच्या फवारणीची औषधं पडवीत, माळ्यावर उघडी असतात. ती आजच कुलपात ठेवा आणि किल्ली मुलाला माहीत नसलेल्या जागी. हे काम बाकी सगळ्याच्या आधी करा.

पावडरीबद्दल. "न कळत द्या, दारू सुटेल" अशी जी औषधं विकली जातात त्यांत बऱ्याचदा डायसल्फिराम असण्याची शक्यता असते. हे खरं औषध आहे, पण ते दारूची ओढ घालवत नाही. ते यकृतातलं एक पाचक द्रव्य अडवतं, त्यामुळे दारूतून तयार होणारं विष शरीरात साठतं: चेहरा लालबुंद, छातीत धडधड, भरमसाट ओकाऱ्या, रक्तदाब कोसळणं. म्हणून ते मोठ्या माणसाला, समजावून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून देतात. मुलाला माहीतच नसेल तर तो नेहमीसारखा पिणार आणि रात्री कुठेतरी किनाऱ्यावर कोसळणार. काही कफ सिरपमधल्या अल्कोहोलनेही हे होऊ शकतं, आणि गोळी बंद केल्यावर दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो. शिवाय कळल्यावर तो तुमच्या हातचं जेवण विश्वासाने कधी जेवेल?

आता केंद्र. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाला दाखल करणं हा अपवादाचा मार्ग आहे. त्यासाठी पालकाचा अर्ज लागतो. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि त्याशिवाय दुसरा मानसोपचारतज्ज्ञ, मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, यांनी स्वतंत्रपणे तपासून दाखल करणं गरजेचंच आहे असं म्हणावं लागतं. मुलाला मोठ्यांच्या वॉर्डात ठेवता येत नाही, आणि पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ बरोबर राहतं. गाडीतून उचलून नेणारे यातलं काहीच करत नाहीत. मग होतं काय, तर चाळीस-पन्नाशीच्या दारुड्यांमध्ये महिनाभर राहून पोर नव्या ओळखी आणि नवे नशेचे प्रकार शिकून येतं, आणि आईवडिलांवरचा राग घेऊन येतं तो वेगळाच. कधी दाखल करायची वेळ आलीच तर आधी स्वतः जाऊन बघा: नोंदणीचं प्रमाणपत्र, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, मुलांची सोय वेगळी आहे का, भेटायला आणि फोनवर बोलायला देतात का. "पहिले पंधरा दिवस भेट नाही" म्हणाले तर परत फिरा.

दाखल करण्याची खरी गरज कधी असते? तो रोज पीत असेल आणि न प्यायल्यावर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळ, झोप उडते, तेव्हा. मग घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. पहिल्या दोन दिवसांत झटका येऊ शकतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, म्हणून ते रुग्णालयातच उतरवावं लागतं. या वयात ही वेळ क्वचित येते, पण विचारून घ्या. जीव द्यायचे विचार, किंवा दारूबरोबर गांजा-गोळ्या, हीही दाखल करण्याची कारणं.

तुमच्यासाठी जवळची जागा म्हणजे ओरोसचं जिल्हा रुग्णालय. तिथल्या मानसोपचार विभागाची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी फोनने विचारा, म्हणजे देवगडहून एसटीने केलेली फेरी फुकट जाणार नाही. रत्नागिरीकडच्यांना जिल्हा रुग्णालय आणि प्रादेशिक मनोरुग्णालय, रायगडकरांना अलिबाग. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी "मैत्री" क्लिनिक असतं. पहिलं पाऊल म्हणून ते सोपं, कारण तिथे मुलाला "वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं" असं वाटत नाही. निघणं जमतच नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे: मोफत, चोवीस तास, मराठीत. व्यसनासाठी वेगळा राष्ट्रीय क्रमांक १४४४६. आधी तुम्ही एकट्या बोला. मुलगा तयार नसताना आईने केलेला फोनही चालतो, काय बोलायचं ते तिथे नीट सांगतात.

मुलाला न्यायचं कसं? "तुझी दारू सोडवायला" म्हणाल तर तो येणार नाही. "त्या रात्रीचं काही आठवत नव्हतं, डोकं तपासून घेऊ" हे खरंही आहे आणि त्याला पटण्यासारखंही. जाताना वही, आधीचे कागद आणि घरात कोणती औषधं चालू आहेत त्यांची नावं न्या. रक्ताच्या तपासण्या होतील, यकृताच्याही. त्या बहुतेक वेळा चांगल्या येतात, कारण या वयाचं यकृत बरंच सोसतं. अहवाल नॉर्मल आला म्हणून उपचार सोडणं ही नेहमीची चूक आहे. न सांगता लघवी तपासणं टाळा. साध्या तपासणीत दारू काही तासच दिसते आणि विश्वास मात्र कायमचा जातो. डॉक्टर नैराश्य, चिंता, लक्ष न लागण्याचा आजार, कुणी त्रास देतंय का, लैंगिक छळ झालाय का, हेही बघतील. दारू पुष्कळदा या दुखण्यांवर मुलानेच शोधलेलं औषध असतं. मग आठवड्याला, पंधरवड्याला समुपदेशन, निदान तीन महिने. दोन भेटींत "सुधारला" म्हणून थांबू नका.

घरात काय बदलायचं? सगळ्यात आधी मोठ्यांची बाटली घराबाहेर. ट्रॉलरवरून आल्यावर बाबांची बैठक अंगणात बसत असेल, गावच्या राखणदाराला दिलेल्या कोंबड्याबरोबर पोरांनाही घोटभर मिळत असेल, तर समुपदेशकाचे शब्द वाऱ्यावर जातात. बाबांना बंदरावर उतरल्या उतरल्या वाटेतच सगळं सांगा. घरी येऊन अर्धवट कळलं तर मारझोड होते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ते घरी असतात, तेव्हाच घरातलं पिणं वाढतं. तो काळ आधीच ठरवून घ्या.

नियम तीनच ठेवा आणि कागदावर लिहा: घरी यायची वेळ, बाइकला हात नाही, हातातले पैसे. मोडल्यावरची शिक्षा लहान, ठरलेली आणि त्याच दिवशी: हातखर्च तीन दिवस बंद, बस्स. "घराबाहेर काढीन" ही धमकी तुम्ही खरी करणार नाही हे त्याला माहीत आहे. बाइकची किल्ली कायम तुमच्याकडेच हवी. १८ खालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर मालकाला किंवा पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आंब्याच्या हंगामात मजुरीला जात असेल तर अर्धी मजुरी बँकेत जाईल असं बागायतदाराशी बोलून घ्या. संध्याकाळचे दोन तास भरायला काहीतरी हवं. जुना संघ, दशावतारातली तालीम, पेटी-तबला, काहीही, पण त्याच्या आवडीचं.

दारू देतं कोण, तेही शोधा. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. बांद्यापलीकडे गोव्यात १८ ची, आणि तिथली स्वस्त बाटली इकडे पोचते. मुलाला दारू देणाऱ्याला बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पोलीस पाटलांना सोबत घेऊन दुकानदाराला हे कलम शांतपणे वाचून दाखवा. बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागतं. मुलाचं नाव मात्र घेऊ नका. कॉलेजातही एकाच विश्वासाच्या शिक्षकांना सांगा.

तो पुन्हा पिईल, हे धरून चाला. गणपतीत चाकरमानी येतील, मांडवामागे ग्लास फिरतील. आधीच ठरवा: त्याने फक्त "आजी बोलावते" असा मेसेज टाकायचा, तुम्ही कुणाला तरी न्यायला पाठवायचं, आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशी दुपारी: कोण होतं, किती वाजले होते, त्याआधी काय झालं होतं? उत्तरं वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा.